दक्षिणेची भिंत

"दक्षिणेला भोक पाडायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही."

"का?" प्रणिताने विचारलं.

मठाचे विश्वस्त अढाऊ गुरुजींनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. सदतीस वर्षं शाळेत शिकवलेल्या माणसाला एवढासा प्रश्न पचायला वेळ लागतो.

"विचारायचं नाही, असं आत्ताच म्हटलं ना मी?"

"म्हणूनच विचारलं."

सातपुड्याच्या पायथ्याशी वडपाणी नावाचं गाव आहे. गावाबाहेरच्या टेकडीवर एक मठ आहे. मठात सहा म्हाताऱ्या राहतात. कुणाला घर नाही, कुणाला घर असून त्यात जागा नाही. मागच्या पौषापर्यंत त्या सात होत्या. पौषात पारा पाच अंशांवर उतरला आणि एका सकाळी वेणूमाय वाकळीतून उठली नाही. सगळ्या जणी झोपतात त्या खोलीची दक्षिणेची भिंत सलग आहे, वरपासून खालपर्यंत. भिंतीच्या बाहेर दिवसभर ऊन पडून होतं. आत म्हातारी गारठत होती.

तेव्हा विश्वस्तांना जाग आली. सहा जणींसाठी नवं घर बांधायचं ठरलं. घराचा नकाशा काढायला शहरातून प्रणिताला बोलावलं. वय सव्वीस, शिक्षण आर्किटेक्टचं, आणि उन्हाच्या हिशेबाने घर बांधायचं हा तिचा खास अभ्यास.

तिने चार दिवस टेकडीवर राहून नकाशा काढला. जाड भिंती. पश्चिमेला एकही खिडकी नाही, तिकडे फक्त न्हाणीघर आणि कोठी, म्हणजे उन्हाळ्यातली तिसऱ्या प्रहराची तलखी त्यांनीच झेलावी. उत्तरेला उंचावर झरोके, गरम हवा निघून जायला. आणि दक्षिणेला सहा खिडक्या, प्रत्येकीच्या अंथरुणापाशी एक. थंडीत सूर्य दक्षिणेकडे कलतो, ऊन थेट खोलीत येतं. उन्हाळ्यात तो डोक्यावर असतो, दोन फुटांचा छज्जा त्याला बाहेरच थोपवतो. वीज नाही, शेगडी नाही, धूर नाही.

सहा खिडक्या पाहिल्या आणि गुरुजींनी नकाशाची घडी घातली.

"ती यमाची दिशा आहे, बाई."

"छतावर सोलर पॅनेल दक्षिणेकडे तोंड करून बसवायचेत. त्याला तुम्ही काल हो म्हणालात."

"ते यंत्र आहे. यंत्राला यम नसतो."

"अच्छा! म्हाताऱ्यांना यम आहे, म्हणून त्यांना ऊन नाही!"

दुसरे विश्वस्त बापूसाहेब ताथोड. मठाची जमीन त्यांच्या वडिलांनी दिलेली, त्यामुळे ते टेकडीवर आले की थोडे आणखी उंच होतात.

"पोरी, तोंड सांभाळून," ते म्हणाले. "आमच्या बापजाद्यांनी कधी दक्षिणेला भोक ठेवलं नाही."

"तुमच्या वेशीवरचा मारुती कुणीकडे तोंड करून आहे?"

बापूसाहेबांनी उत्तर द्यायच्या आधी मनातल्या मनात वेशीपर्यंत जाऊन पाहिलं.

"...दक्षिणमुखी आहे."

"मग?"

"अहो, तो मारुती आहे! तो यमाला घाबरत नाही."

"घाबरत कोण आहे, ते तरी कळलं."

गुरुजी मात्र चिडले नाहीत. ते हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही चार दिवसांनी निघून जाल. म्हाताऱ्यांना इथं राहायचंय. त्या घराकडे फिरकल्याच नाहीत तर?"

"मी समजावीन त्यांना."

"उद्या दुपारी आखणी आहे," बापूसाहेब उठत म्हणाले. "गवंडी चुना घेऊन येतोय. तोवर खिडक्या दुसरीकडे वळवा. नाहीतर नकाशा दुसऱ्याकडे जाईल."

प्रणिता तशीच सगुणामायकडे गेली.

सगुणामाय मठाची प्रमुख. वय एक्याऐंशी. गावात म्हणतात, ती वर्षाला शंभर शब्द बोलते, आणि त्यातले नव्वद गाईशी. ती अंगणात ओल्या तुरीच्या शेंगा सोलत बसली होती.

"माय, तुम्ही एक शब्द बोला. ते तुमचं ऐकतील."

"कोनता शब्द?"

"खिडकी."

"खिडकी," माय म्हणाली. "बोलली. आता?"

प्रणिताने दात आवळले. लॅपटॉप उघडून मायसमोर धरला. पडद्यावर घर होतं आणि घरावरून सूर्य सरकत होता.

"हे बघा. हा आजचा सूर्य. अकरा वाजता ऊन इथपर्यंत आत येतं. ही पिवळी जागा आहे ना, तेवढं."

मायने शेंग खाली ठेवली. हाताचा तळवा त्या पिवळ्या जागेवर टेकवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"गार हाये," ती म्हणाली.

"ते चित्र आहे, माय!"

"हो काय..."

"तुम्ही सगळे असेच!" प्रणिताचा बांध फुटला. "कुणी विचारायचं नाही, कुणी बोलायचं नाही. मी विचारलं तर मी उद्धट. वेणूमाय त्या बंद भिंतीच्या आत गेली. यमाने यायला खिडकी मागितली होती का? भिंत सलग होती, तरी आलाच ना तो!"

मायने पुन्हा शेंगा हातात घेतल्या.

एक शेंग सोलली. दुसरी सोलली...

"चाल," ती म्हणाली आणि उठली.

जुन्या खोलीत दिवसाही चाचपडत जावं लागतं. दक्षिणेच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर वर, एका विटेचा कोपरा या पावसाळ्यात झिजून पडला होता. तिथून ऊन आत आलं होतं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर भाकरीच्या तुकड्याएवढा उजेड पडला होता.

त्या भोकापाशी तुळसामाय बसली होती. सहा जणींत सगळ्यांत थकलेली. हिवाळ्यात तिचे गुडघे सुजतात आणि तिला भिंत धरून चालावं लागतं. थंडीने तिची बोटं ताठरली होती. त्या बोटांनी ती लुगड्याची एक चिंधी भोकात कोंबत होती.

"आजी, काय करताय?"

"भोक बुजून राहिली, माय."

"अहो, ऊन येतंय ना तिथून!"

तुळसामायने मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"ऊनच येते काय फक्त?"

चिंधी आत गेली. उजेडाचा तुकडा जमिनीवरून नाहीसा झाला.

बाहेर आल्यावर सगुणामाय म्हणाली, "तू सहा खिडक्या करशीन. उघडंन कोन?"

"मी सांगेन त्यांना. दक्षिणेला काही नसतं म्हणून. शिकलेल्या कुणी सांगितलंच नाही त्यांना कधी. यम वगैरे नुसती भीती आहे."

"तुले भेव नाई?"

"मला?" प्रणिता हसली. "अजिबात नाही."

माय चालता चालता थांबली.

"सोमवारी दुपारी आली तू. पाहुण्याच्या खोलीत गेली. पिशवी ठेवाच्या आंधी खाट काहून फिरवली?"

...

प्रणिताने पाहुण्याच्या खोलीकडे वळून पाहिलं.

खाटेचं पायथं दक्षिणेकडे होतं. तिने दारातूनच ते पाहिलं होतं आणि पिशवी खांद्यावर असतानाच खाट ओढून आडवी केली होती. घरी आई करायची तशी. वसतिगृहातही केली होती. चौघींच्या खोलीत पाच वर्षं एकच पलंग आडवा होता, आणि तिघी जणी त्याला अडखळत होत्या. का, ते आईने सांगितलं नव्हतं.

तिनेही विचारलं नव्हतं.

"ती... सवय आहे," ती म्हणाली.

"हो," माय म्हणाली. "तुळसाची बी."

आणि ती शेंगा सोलायला निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता प्रणिताने पाहुण्याच्या खोलीतली खाट बाहेर ओढली. अंगणातून, तुळशीला वळसा घालून, जिथे नवं घर व्हायचं त्या मोकळ्या जागेवर नेली. खाटेच्या पायांनी मातीत दोन लांब रेघा उमटल्या.

तिने उशी उत्तरेकडे टाकली. पाय दक्षिणेकडे केले. आडवी झाली.

म्हाताऱ्या दारात गोळा झाल्या.

"उठ वं पोरी!" तुळसामाय ओरडली. "मेलेल्या मान्साले ठेवतात तसं!"

"म्हणूनच झोपलेय."

"अवं, तुह्या मायले काय सांगू आमी?"

"सांगा, पोरगी उन्हात झोपली होती."

"आगाऊ हाये लय," दुसरी एक म्हातारी म्हणाली. "अशीले यमबी नेत नाई. वापस आनून टाकते."

हशा झाला. तुळसामाय मात्र हसली नाही. ती भिंत धरत, मग भिंत संपल्यावर काठी टेकत खाटेपाशी आली. पोरीचा श्वास चालू आहे की नाही, हे कुणीतरी पाहायला हवं होतं. ती खाटेला टेकून जमिनीवर बसली.

प्रणिताला आदल्या रात्री झोप लागली नव्हती. ऊन पायांवरून पोटावर आलं, पोटावरून खांद्यावर. तिचा डोळा लागला.

ती जागी झाली तेव्हा तुळसामायचा हात तिच्या नाकाजवळ होता.

"जित्ती हायेस?"

"आहे बहुतेक."

"बहुतेक नको. नीट सांग."

"जिवंत आहे, आजी."

तुळसामायने हात मागे घेतला. तेव्हा प्रणिताने पाहिलं. म्हातारीने दोन्ही पाय लांब पसरले होते. लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं होतं. आणि ऊन जिकडून येत होतं, तिकडेच तिचे तळवे होते.

उभ्या आयुष्यात प्रणिता पहिल्यांदाच वेळेवर गप्प बसली.

"गुडघे सैल झाले," तुळसामाय म्हणाली. जणू तक्रार करत होती. मग डोळ्यांवर हात धरून तिने विचारलं, "तिकडे कोन हाये, पाह्य बरं. मले दूरचं दिसत नाई."

"तिकडे शेत आहे. तुरीचं. बांधावर एक म्हैस आहे."

"म्हैस?" हात डोळ्यांवरून खाली आला. "रेडा तं नाई?"

"म्हैसच आहे."

"नीट पाह्य."

"आजी, रेडकू पितंय तिला."

तुळसामायचं बोळकं उघडलं आणि ती हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, तरी ती हसतच राहिली.

"कशी हाये थे खिडकी तुही?" तिने पदराने डोळे पुसत विचारलं.

प्रणिता खाटेवरून उतरली. हाताने हवेत चौकट काढून दाखवली. "ही खालची कड. जमिनीपासून तीन फूट."

"अन् मी कुठं बसन?"

"तुम्ही इथं, आत. भिंतीशी."

"भिंतीले टेकून, खाली." तुळसामायने डोक्यावर हात फिरवला. "मंग तुहं ऊन माह्या डोस्क्यावरून जाईन न वं. पल्याडची भिंत शेकंन. तिचे काय गुडघे दुखतात?"

प्रणिताने उशीखालचा नकाशा उलगडला.

तीन फूट. हा आकडा तिने कॉलेजात पाठ केला होता. कोष्टकात छापलेला होता, म्हणून कधी तपासला नव्हता. तो खुर्चीवर बसणाऱ्या माणसांसाठी होता. मठात खुर्च्या दोनच होत्या. त्यांवर विश्वस्त बसत.

"किती खाली घेऊ?"

तुळसामायने जमिनीवर हात उभा टेकवला. अंगठा खाली, करंगळी वर. एक वीत.

प्रणिताने मोजपट्टी काढली. म्हातारीची वीत साडेसात इंच भरली. तिने नकाशावर तीन फूट खोडले आणि साडेसात इंच लिहिले. सहा ठिकाणी.

"उघडाल ना, आजी?"

"दक्षिनच हाये न थे?"

"दक्षिणच आहे."

तुळसामायने पुन्हा एकदा दूर पाहिलं. तिला दिसत नव्हतं, तरी पाहिलं.

"उघडीन," ती म्हणाली. "पन रोज आंधी म्हैस पाहीन."

बारा वाजता विश्वस्त आले. मागोमाग गवंडी, दोरी आणि चुन्याचं घमेलं घेऊन. मोकळ्या जागेवर खाट पाहून बापूसाहेब थबकले. सगुणामाय थोड्या अंतरावर सुपात शेंगा घेऊन बसली होती.

गुरुजींचा चेहरा आज मोकळा होता.

"बाई, मी पुष्कळ विचार केला. तुमचं म्हणणं खोटं नाही. थंडीत ऊन हवंच. खिडक्या राहू द्या तशाच. सगळ्या सहा."

प्रणिताचा विश्वास बसेना.

"फक्त एक करा." त्यांनी नकाशा उलगडला. कोपऱ्यात उत्तर दाखवणारा बाण होता. त्यावर बोट ठेवलं. "हा बाण एवढा पाव फेरा वळवा. म्हणजे ही भिंत पूर्वेची होईल. आम्ही सगळ्यांना सांगू, पूर्वेची आहे म्हणून. म्हाताऱ्यांना दिशा कुठं कळतात? खिडक्या तुमच्या, शास्त्र आमचं. कुणाचं काय जातं?"

त्यांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. मनापासून पुढे केलं.

चार दिवस ती ज्यासाठी राबली, ते सगळं त्या पेनाच्या टोकावर होतं. सहा खिडक्या. जाड भिंती. दोन फुटांचा छज्जा. पाव फेरा फक्त...

तिने सगुणामायकडे पाहिलं. माय शेंगेत अळी आहे का ते बघत होती.

"नाही," प्रणिता म्हणाली.

"काय नाही?"

"बाण फिरवणार नाही."

बापूसाहेब भडकले. "अहो, खिडक्या दिल्या ना तुम्हाला! आता हट्ट कशाचा?"

"ही दक्षिण आहे. तुळसाआजींनी आज सकाळी दक्षिण म्हणून हिला होकार दिला. भीती वाटत होती, तरी दिला. तुम्ही हिला पूर्व म्हणायला सांगता. आज म्हणेन. पुढच्या संक्रांतीला कुणीतरी सूर्य बघेल आणि सांगेल, अहो, ही पूर्व नव्हे. त्या दिवशी सहाही खिडक्यांत चिंध्या जातील. आणि त्या चिंध्या मी कोंबलेल्या असतील."

"मग घर होणार नाही," बापूसाहेब म्हणाले. "आमच्या सहीशिवाय इथली वीट हलत नाही."

"नका हलवू."

"दुसरा माणूस आणू."

"आणा. त्यालाही सूर्य तिकडेच दिसेल." तिने नकाशाची गुंडाळी केली आणि काखेत धरली. "पण खोट्या दिशेचं घर मी आखणार नाही. आज नाही, उद्या नाही, तुम्ही सहा खिडक्यांच्या बारा केल्यात तरी नाही. आणि घर होत नसेल, तर ते मी सांगणार नाही आजींना. त्या इथंच बसल्यात. पुढचा पौष कुठल्या भिंतीआड काढायचा, ते तुम्ही सांगा त्यांना. तोंडावर सांगा."

गवंड्याच्या मुठीतला चुना बोटांमधून गळत होता.

तुळसामाय दोघा विश्वस्तांकडे आळीपाळीने पाहत होती. तिने पाय आखडले नव्हते.

बापूसाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजींनी पेनाकडे पाहिलं. ते अजून हवेतच होतं. त्यांनी ते परत खिशात ठेवलं... खिसा सापडायला वेळ लागला.



बांधावर म्हैस हंबरली.

सगुणामायने सूप बाजूला सरकवलं.

"उभे काय राहिले मुक्यावानी?" ती त्या दोघांना म्हणाली. "विचारा तिले, दक्षिणा काय घेते."